गोदामातली कचेरी

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीने लिव्हरपूलहून एक छायाचित्र पाठवले. ती इथे मिहानमधल्या एका संगणक कंपनीत काम करते आणि कंपनीने तिला तीन महिन्यांसाठी तिकडे धाडले होते. मुले परदेशी गेली की बर्फाची, पुलांची, खाण्याच्या ताटाची छायाचित्रे येतात. हिने पाठवली होती एक भिंत. तांबूस विटांची, गिलावा नसलेली; खिडकीच्या कोनाड्यावरून पाहता जाडी हातभर तरी असावी. भिंतीशी टेबल, टेबलावर संगणक, शेजारी ओतीव लोखंडाचा खांब आणि डोक्यावर विटांचेच कमानदार छत. खाली एक ओळ होती, 'काका, हे आमचं इथलं ऑफिस. तुमच्या गोदामासारखं आहे ना?'

'माझे गोदाम' म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. मी व्यापारी नव्हतो. बँकेत अधिकारी होतो आणि १९८४ ते १९८८ अशी चार वर्षे वर्धा जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावी होतो. गावाला रेल्वेचे स्टेशन, पाच-सहा जिनिंग-प्रेसिंग, एक तेलघाणीचा कारखाना आणि स्टेशनच्या मागे रुळांना समांतर अशी विटांच्या गोदामांची रांग. गोदामे इंग्रजी अमदानीतली, रुईच्या गाठींसाठी बांधलेली. मी गेलो तेव्हा कापूस एकाधिकार योजनेखाली होता. १९७२ पासून शेतकऱ्याचा कापूस सरकारी योजनेतच विकला जाई आणि गाठी फेडरेशनच्या असत. त्यामुळे रांगेतली काही गोदामे फेडरेशनने भाड्याने घेतलेली होती, तर उरलेल्यांत व्यापाऱ्यांची सरकी, ढेप आणि तूर भरलेली असे. या उरलेल्यांपैकी चार गोदामांना आमच्या बँकेचे कुलूप होते.

मालतारण कर्जाचा व्यवहार अगदी सोपा. व्यापाऱ्याने माल गोदामात ठेवायचा, दाराला बँकेचे कुलूप लागायचे, दारावर बँकेचे नाव रंगवायचे. मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करून उरलेल्या रकमेपर्यंत त्याने उचल करायची. माल हवा असेल तर पैसे भरायचे आणि तेवढी पोती सोडवून न्यायची. या साऱ्यात अधिकाऱ्याचे काम म्हणजे अधूनमधून, न कळवता, जाऊन मोजणी करणे. मोजणी म्हणजे दारात उभे राहून थप्प्यांची लांबी-रुंदी-उंची टिपून गुणाकार करणे नव्हे. बाहेरून भक्कम दिसणारी थप्पी आतून पोकळ असू शकते, हे माझ्या आधीच्या एका साहेबांना फार उशिरा कळले होते आणि ते कळल्याची किंमत त्यांना दोन वेतनवाढींत मोजावी लागली होती. म्हणून थप्पीवर चढायचे, मधले पोते उचलून खाली बघायचे. मी चढत असे. शर्टाला सरकीचा वास घेऊन घरी येत असे. घरच्यांना गोदामाच्या गोष्टी सांगण्याची सवय तेव्हापासूनची. पुतणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, पण घरातल्या गोष्टी मागच्या दाराने पुढच्या पिढीत शिरतातच.

त्या मोजण्यांच्या निमित्ताने मी इमारत पाहायला शिकलो. बांधकामशास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे. पण दर महिन्याला तासन् तास एकाच इमारतीत काढले की ती आपल्याशी बोलू लागते. उदाहरणार्थ, गोदामाचे जोते कमरेइतके उंच का? कारण मालगाडीच्या डब्याची नि बैलगाडीची पाठ त्याला लागून यावी. हमालाला पाठीवरचे ओझे घेऊन चढ-उतार करावी लागू नये. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नि ओल वर येऊ नये. खिडक्या जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आणि लहान का? चोराचा हात पोचू नये, पाऊस थप्पीवर येऊ नये, पण वरची तापलेली हवा बाहेर जावी. दारे लाकडी असली तर त्यांवर पत्रा ठोकलेला, कारण रुळांवरून कोळशाची इंजिने ठिणग्या उडवत जात. आणि एक प्रचंड गोदाम बांधण्याऐवजी मध्ये जाड आडव्या भिंती घालून त्याचे चार-पाच कप्पे का केले? हे मला तिथल्या जुन्या गोडाऊन कीपरने सांगितले. पन्नासेक वर्षे त्या रांगेत काढलेला माणूस. म्हणाला, "सायेब, गाठ आतून जळते. भायेरून काईच दिसत नाही. तीन-तीन दिवस आत धुमसत राह्यते अन् मंग एकदम भडकते. एक खोली गेली तरी बाकीच्या वाचल्या पायजेत, म्हून ह्या भिती."

दाबून बांधलेल्या रुईत ठिणगी शिरली तर ती अशीच छुपी जगते. ओलसर सरकीचा ढीग तर ठिणगीवाचूनही आतून तापत जातो. म्हणून गोदामातल्या थप्प्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत, माणूस फिरेल एवढी वाट सोडायची, खाली लाकडी फळ्या टाकायच्या, आणि अधूनमधून नुसता हात घालून बघायचा. गोडाऊन कीपरचा हात थर्मामीटरपेक्षा शहाणा होता.

या इमारतीचे एक सुख मात्र माझे खासगी होते. मे महिन्यात आमच्या शाखेत पंखा गरम हवा ढवळत असे. बाहेर पारा शेचाळीसवर. अशा दुपारी गोदामात शिरलो की कपाळावर कुणी ओला रुमाल ठेवल्यासारखे वाटे. दीड फुटी भिंत सकाळपासून ऊन पीत राही, पण ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असे. आणि रात्री उंच खिडक्यांतून ती ऊब निघून जाई. त्या महिन्यांत माझी मोजणी जरा सावकाश चाले, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

तर पुतणीचा तो प्रश्न. तिचे ऑफिस ज्या इमारतीत होते ती लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकवरची वखार. मी शोधून वाचत गेलो आणि मला आमची स्टेशनमागची रांग ओळखीची वाटू लागली. जेसी हार्टली नावाच्या अभियंत्याने फिलिप हार्डविक या वास्तुकाराच्या साथीने ती गोदी उभारली आणि १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने तिचे उद्घाटन केले. पाण्याला लागून चौफेर पाच मजली वखारी. जहाज थेट वखारीच्या दाराशी येई आणि माल मध्ये कुठे रस्त्यावर न पडता आत जाई. चोरीचा प्रश्न तिथेच अर्धा मिटला. पण हार्टलीला खरी धास्ती होती आगीची. लाकडी तुळयांच्या वखारी लिव्हरपुलात पुनःपुन्हा जळत. त्याने काय करावे? लहान प्रमाणावर वखारीचा एक तुकडा बांधला, त्यात लाकूड आणि डांबर भरले आणि पेटवून दिले. असे वेगवेगळे नमुने पेटवून पाहिले आणि मग ठरवले की, ओतीव लोखंड, वीट आणि दगड. सांगाड्यात लाकूड नाही. दोन लोखंडी तुळयांमध्ये विटांची उथळ कमान, त्यावर वरच्या मजल्याची जमीन. छप्परही लोखंडी पत्र्यांचे. दोन कोटींहून अधिक विटा लागल्या म्हणतात. आमच्या गोडाऊन कीपरने वऱ्हाडीत जे सांगितले, तेच हार्टलीने विटांत लिहून ठेवले होते.

तिथे चहा, रेशीम, तंबाखू, साखर, हस्तिदंत आणि कापूसही साठवला जाई. पुतणीला हे कळले तेव्हा तिने उत्साहाने लिहिले, 'म्हणजे काका, ही भिंत आपल्या विदर्भाच्या कापसावर उभी आहे!' मी जमाखर्चाचा माणूस. तिला दुरुस्ती कळवली. गोदी १८४६ ची. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला १८५३ साली. आपला कापूस तिकडे खऱ्या अर्थाने लोटला तो १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, अमेरिकेचा कापूस अडला म्हणून. आणि मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली. तेव्हा भिंत आपल्या पैशाची नव्हे. भिंतीच्या पोटात पुढे आपल्याही काही गाठी राहून गेल्या असतील, एवढेच म्हण. तिने उत्तरादाखल हसणारे तोंड पाठवले.

पुढची हकीकत जास्त महत्त्वाची. ज्या गोष्टीसाठी ती गोदी नावाजली तीच तिच्या मुळावर आली. शिडाच्या लहान जहाजांसाठी तिची तोंडे अरुंद ठेवलेली. आगबोटी मोठ्या होत गेल्या आणि आत शिरेनात. मग ती नुसती साठवणीची जागा झाली, मग तेही कमी झाले, १९७२ साली ती बंद पडली. पाण्यात गाळ भरला. ती पाडून तिथे उंच इमारती उठवण्याचे बेत झाले होते. पाडणे टळले आणि १९८० च्या दशकात सार्वजनिक पैशातून गाळ काढून, भिंती साफ करून १९८८ साली तिचे पुन्हा उद्घाटन झाले. आता तिथे संग्रहालये आहेत, टेट हे चित्रसंग्रहालय आहे, राहण्याची घरे आहेत, कचेऱ्या आहेत. जर्मनीत हाम्बुर्गच्या गोदीतली विटांची वखारनगरी, श्पायखरश्टाट, हीही अशीच. कॉफी आणि गालिचे जाऊन तिथे बऱ्याच ठिकाणी ऑफिसांची टेबले आली आणि २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. तिकडेही सगळे गोड आहे असे नाही. लिव्हरपूलच्या बंदराला २००४ साली मिळालेला तोच मान, नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे, २०२१ साली काढून घेण्यात आला. गोदाम वाचवले म्हणजे शेजार वाचतोच असे नाही.

आता आपल्याकडे या. नागपूरकरांना विटांची मोठी इमारत म्हटले की एम्प्रेस मिल आठवते. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. स्टेशनाजवळची दलदलीची जागा त्यांनी भराव घालून घेतली. त्या वेळी एका स्थानिक सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला होता, की हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे. पुढे त्यानेच म्हटले म्हणे, की त्याने माती घातली आणि सोने काढले. बँकेत आम्ही नव्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगत असू. कर्ज नाकारणाराही चुकू शकतो, हे सांगणाऱ्या गोष्टी बँकेत फार नसतात.

त्या गिरणीत रिंग स्पिंडल हे नवे यंत्र आधी करून पाहिले गेले. हवेत ओल राखणारी यंत्रे आणि आग लागताच आपोआप पाणी सोडणारे फवारे बसवले गेले. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा दमट ठेवावी लागते, पण तिच्या गोदामातली मात्र कोरडी. एकाच आवारात दोन हवामाने सांभाळायची आणि तीही नागपूरच्या उन्हाळ्यात. हे त्या भिंतींनी शंभर वर्षे केले. १९८६ मध्ये टाटांनी गिरणी सोडली, ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आज गांधीसागराच्या शेजारी त्या जागेवर एम्प्रेस सिटी आहे, मॉल आहे. नाव तेवढे ठेवले. मी तिथे नातवंडांना घेऊन गेलो आहे, आइस्क्रीमही खाल्ले आहे. पण गिरणीचे गोदाम नेमके कुठे असेल याचा अंदाज घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा सरकत्या जिन्यावर दिशाच कळेनाशा झाल्या.

मुंबईत परळ भागात दुसरा प्रयोग झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरले, २००१ मध्ये तो नियम बदलला आणि मोकळ्या जागेचा नि घरांचा वाटा आटला. पुष्कळ ठिकाणी जुने पाडून मनोरे आले. काही आवारांत मात्र जुन्या चाळवजा इमारतींतच कचेऱ्या थाटल्या. कमला मिलच्या आवारात जाहिरातीवाले, वाहिन्यावाले आले, मागोमाग खाणावळी आल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जण गेले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. जुन्या गिरणीत नवी वस्ती करणे ही केवळ हौसेची बाब नव्हे. गोदाम गाठींसाठी बांधलेले असते. गाठ पळत नाही. तिला एकच दार पुरते. माणसाला दुसरे दार लागते, दुसरा जिना लागतो, आणि तो सामान ठेवून अडवलेला नसावा लागतो.

म्हणजे गोदामाची कचेरी करायची तर नेमके काय करावे लागते? माझा एक शाळूसोबती स्थापत्य अभियंता. त्याच्याकडून जे समजले ते असे. सोपी बाजू आधी. गाठींचे ओझे पेलण्यासाठी घातलेली जमीन टेबल-खुर्च्यांना सहज पेलते. छत इतके उंच असते की मध्ये पोटमाळा घालता येतो. फक्त त्याचे खांब स्वतंत्र उभारावेत, जुन्या भिंतीवर भार टाकू नये. अवघड बाजू उजेडाची. भिंतीत खिडक्या फोडायच्या तर किती? जास्त फोडल्या तर भिंत कमकुवत होते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती थंडाईही जाते. म्हणून शहाणे लोक छपराच्या उत्तरेकडच्या उतारात काच बसवतात, जसे गिरण्यांच्या करवतीसारख्या छपरांत असे, आणि माल चढवण्याच्या रुंद दारांनाच खिडक्या करतात. तारा आणि पाइप भिंतीत कोरून न घालता उघडे फिरवतात.

सर्वांत घातक चूक सिमेंटची. या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. कुणी 'मजबुतीसाठी' वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वाट विटेतून काढते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन फुलतात आणि वीट पापुद्र्यापापुद्र्याने झडू लागते. याला आपण लोणा लागणे म्हणतो आणि दोष जुन्या भिंतीला देतो. माझा मित्र म्हणतो, शंभर वर्षे टिकलेली भिंत आपण दहा वर्षांत दुरुस्त करून मारतो.

मिहानचे ऑफिस मी पाहिले आहे. कंपनीने कुटुंबीयांसाठी एक दिवस ठेवला होता. वर्धा मार्गावरून खापरीकडे वळलो. शिवणगाव, दहेगाव, तेल्हारा, कलकुही ही एकेकाळची गावांची आणि शेतांची नावे आता रस्त्यांच्या पाट्यांवर वाचायची. काचेची इमारत छान होती, खोटे कशाला बोलू? भरपूर उजेड, रुंद जिने, मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे, अपंगांसाठी उतार. यातले एकही सुख माझ्या गोदामात नव्हते. फक्त एप्रिलातल्या त्या दुपारी काचेला हात लावून पाहिला आणि काढून घेतला. बाहेरचे ऊन काचेतून आत घ्यायचे आणि मग यंत्राने ते परत बाहेर काढायचे, दिवसभर. विजेचे बिल कोण भरते ते पाहू नये.

गंमत अशी की मिहान ही मुळात गोदामाचीच कल्पना. देशाच्या मध्यावर विमान, आगगाडी आणि रस्ता यांचा मेळ घालून मालाची ये-जा करायची. विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली तेव्हा आम्ही बँकवाले मालाच्या हिशेबानेच त्याकडे पाहत होतो. आज घरोघरी मिहान म्हणजे मुलांच्या संगणकाच्या नोकऱ्या. गोदामेही आहेत, पत्र्याची, बोल्टवर उभी केलेली, काही महिन्यांत तयार होणारी. काम चोख करतात. पण त्यांत शंभर वर्षांनी कुणी टेबल मांडून बसेल असे वाटत नाही. बोल्ट काढून ती दुसरीकडे जातील, किंवा भंगारात.

आता जे सांगायचे टाळत होतो ते. १९९६ मध्ये मी वसुली विभागात असताना त्याच गावातल्या एका थकीत खात्याची फाइल माझ्या टेबलावर आली. खातेदाराला जागा विकून कर्ज मिटवायचे होते. तारणात जमीन होती आणि तीवरचे विटांचे गोदाम; रांगेतल्या चार कुलपांपैकी एक. मूल्यांकनाच्या तक्त्यात दोन रकाने असतात, जमीन आणि बांधकाम. दरसाल दहा टक्के घसारा या हिशेबाने लाखाची इमारत पन्नास वर्षांनी कागदावर ५१५ रुपयांची उरते. मी करून पाहिलेले गणित आहे. बांधकामाच्या रकान्यात 'मोडीची किंमत वगळता मूल्य नाही' असे लिहून आले होते. त्याखाली मी सही केली. मला थांबवणारे काहीच नव्हते. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मुंबईत आदल्याच वर्षी वारसा इमारतींची नियमावली आली होती, पण ती मुंबईपुरती. आणि स्टेशनामागच्या गोदामाला वारसा म्हणावे हे मलाही सुचले नाही. मी, ज्याने तिथे उन्हाळे काढले होते.

दोन महिन्यांत गोदाम उतरवले. शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद, वीस फूट उंच. लाख-सव्वालाख विटा निघाल्या असतील. चुन्यातली वीट अखंड सुटते, ठोकली की कोरी. ठेकेदाराने गाडीगाडीने विकल्या. त्या गावात कुणाच्या स्वयंपाकघराला, कुणाच्या विहिरीच्या कठड्याला त्या लागल्या. विटा वाया गेल्या नाहीत, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. जागेवर तारेचे कुंपण आणि 'प्लॉट विकणे आहे' हा फलक बरीच वर्षे होता.

हे पुतणीला कळवले. एरवी लगेच उत्तर देणारी मुलगी दोन दिवस गप्प राहिली. मग लिहिले, 'इथंही सगळं छान नाहीये. चार वाजता अंधार पडतो, भिंतीमुळे फोन लागत नाही, आणि पहिला आठवडा मी कुडकुडत काढला. पण आमच्या मजल्यावर एक खांब आहे, त्याला खाली घासून घासून चकाकी आलीये. गाठी घासून असेल का?' मी लिहिले, असेल. कमरेच्या उंचीवर आहे का? ती म्हणाली, हो, बरोबर कमरेच्या. मग हातगाडीचा दांडा लागत असेल, असे मी कळवले. आमच्याकडेही दाराच्या चौकटीला तसाच घट्टा होता.

ती परत आल्यावर फेब्रुवारीत आम्ही दोघे त्या गावी गेलो. रांगेतले एक गोदाम अजून उभे आहे. छपराचे पत्रे बदललेले, एका कोपऱ्यात पिंपळ उगवलेला, समोरच्या भिंतीला कुणीतरी सिमेंट फासलेले आणि तिथेच लोणा लागलेला. आत एक बिछायत केंद्र आहे. गाद्या, लोड, सतरंज्या, वरमाला घालायचा सोनेरी मखर. मालक तरुण आहे. पुतणीने परवानगी मागून फोनवरच्या कसल्याशा साधनाने लांबी-रुंदी मोजायला सुरुवात केली आणि मी गाद्यांच्या थप्पीकडे बघत होतो. भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचलेली होती. खाली फळ्या होत्या.

"हे कोणी शिकवलं?" मी विचारले.

"कोणी नाही, काका," तो म्हणाला. "आधीपासून असंच ठेवतात इथं." मग पुतणीच्या मोजणीकडे पाहून त्याने आवाज जरा उतरवला. "घ्यायचं हाये का? घरमालक देऊन रायला. पण तो पाडूनच देतो म्हणते, रिकाम्या जागेले गिऱ्हाईक लवकर भेटते."

पुतणीने मला घरमालकाचा नंबर लिहून घ्यायला लावला. मी दाराशी आलो. एका फळीवर, निळ्या रंगाच्या तीन थरांखाली, आमच्या बँकेच्या नावातली दोन अक्षरे अजून वाचता येत होती.